दारू सुटते, मारझोड राहते : बापांना बदलण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यातल्या (तेव्हा धुळे जिल्हा, आता नंदुरबार) भिल्ल बायका दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या. आदिवासी शेतमजुरांच्या श्रमिक संघटनेच्या शिबिरांतून उभ्या राहिलेल्या या बायका नुसती मडकी फोडून घरी परतल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. दारू आणि मार ही त्यांच्या लेखी एकच तक्रार होती.

पुढे त्या एका तक्रारीच्या दोन फायली झाल्या.

दारूची फाइल सरकारकडे आधीपासून होती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या रेट्याने दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगावी बायकांनी मतदानाने 'बाटली आडवी' केली. या लढायांचं मोल मोठं आहे, पण झगडा बाटलीशी होता. दुकानाला कुलूप लागलं तरी पिणारा घरातच असतो.

त्याच्याकडे वळलं ते पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगर) व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता (सुनंदा) अवचटांनी केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, माणूस वाईट नाही, ही भूमिका त्या काळात धाडसाची होती. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' गटही निघाला. पण व्यसनमुक्तीच्या या एकूण विचारात घरच्या मारझोडीची जागा बहुधा परिणामाची राहिली. दारू गेली की तीही जाईल, असं धरलेलं असायचं.

मारहाणीची फाइल पोलिसांकडे आणि कोर्टाकडे गेली. १९८३ साली बायकोच्या छळाला गुन्हा ठरवणारं ४९८अ कलम आलं. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण तिथे समोर असतो तो 'प्रतिवादी'. तो कुणाचा बाप आहे हे ताबा आणि भेटीच्या वेळीच आठवतं.

स्त्री-संघटना दारूच्या सबबीकडे संशयाने बघत आल्या, आणि ते रास्तच होतं. 'पिऊन आला होता, एरवी देवमाणूस' हे वाक्य ऐकलं नाही अशी कार्यकर्ती सापडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) आकडे दोन्ही बाजूंना बोचतात. नवरा वरचेवर झिंगून येतो अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी त्याच्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली होती. नवरा थेंबही घेत नाही अशांपैकी २३ टक्के. म्हणजे दारू आगीत तेल ओतते खरी, पण तिच्याशिवायही घरं पेटलेली आहेत.

पुरुषांशी हिंसेबद्दल थेट बोलायची सगळ्यात गाजलेली पद्धत अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहरात १९८०च्या दशकात घडली. तिथे भर होता सत्तेवर : तो मारतो कारण त्याला ताबा ठेवायचा असतो. मुंबईत १९९१ साली वृत्तपत्रातल्या एका आवाहनाला दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिलं, आणि त्यातून १९९३ मध्ये 'मावा' (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संस्था उभी राहिली. पुढे तिचं बरंचसं काम कॉलेजातल्या तरुणांमध्ये झालं. बाप होण्याआधीच गाठावं, हा हिशेब मला पटतो. पण जे बाप होऊन बसलेत त्यांचं काय?

दोन फायली एकत्र ठेवायची गरज किती आहे, हे गोव्यातल्या एका चाचणीत नकळत दिसलं. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर ती केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला : समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, इतरांत २६ टक्क्यांचं. बायकोवरच्या हिंसेत मात्र दोन गटांत फरक पडला नाही. त्याआधी, २०१६ मध्ये, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १७७ व्यसनी पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले होते. तिथे व्यसनाच्या उपचारातच हिंसेवरचं काम गुंफलेलं होतं. हिंसा कमी झाली आणि बायकांची मनःस्थितीही सुधारली. नुसती दारू सोडवून जे होत नाही ते मारहाणीचा विषय समोर मांडून होतं, असा अर्थ मी यातून काढतो. दोन चाचण्यांची तुलना जपूनच करायला हवी, हे कबूल.

बाप म्हणून बापाकडे बघणारी पद्धत सगळ्यात उशिरा आली. कॅनडातल्या ओंटारिओत २००१ साली हिंसा करणाऱ्या बापांसाठी 'केअरिंग डॅड्स' हे गट सुरू झाले. येल विद्यापीठात कार्ला स्टोव्हर यांनी 'फादर्स फॉर चेंज' बांधलं, खास व्यसन आणि हिंसा दोन्ही असलेल्या बापांसाठी. यात गट नाही. बाप आणि समुपदेशक समोरासमोर बसतात. स्वतःचा बाप कसा होता, इथून बोलणं निघतं. तुम्ही दारात आलात की पोराच्या मनात काय येत असेल, हेही विचारलं जातं. बायकोसाठी बदलायला तयार नसलेला माणूस पोरासाठी निदान बसून ऐकतो, हा त्यामागचा अंदाज. २०१५ साली आलेला पहिला प्रयोग जेमतेम १८ बापांचा होता. नेहमीचं व्यसन-समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा या बापांनी उपचार पुरा करण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मुलाशी खेळताना ते कमी दामटत होते. हिंसा घटण्याकडे नुसता कल दिसला. एवढ्याशा संख्येवर याहून जास्त सांगता येत नाही.

या पद्धतीवरचा आक्षेप जुना आणि जड आहे. पोराचं नाव पुढे करून घरात परत शिरणारा नवरा बायकांनी आणि समुपदेशकांनी पुरेपूर पाहिलेला असतो. म्हणूनच 'फादर्स फॉर चेंज'मध्ये बाप-मुलाच्या एकत्र बैठका अगदी शेवटी येतात. आपल्या २००५च्या कायद्याचं कलम २१ही तेच जाणतं : बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं, तर न्यायदंडाधिकारी ती भेट नाकारतात.