गुन्ह्यांचे मोजके कोपरे

सकाळी फिरायला निघालेल्या आजींच्या गळ्यातलं गंठण दुचाकीवरून आलेल्यांनी ओढून नेलं, की बेळगावच्या टिळकवाडीत आठवडाभर तोच विषय असतो. चोर मात्र तासा-दीड तासात निपाणी ओलांडून कागलला पोचू शकतो. तिथे राज्य बदलतं, पोलीस ठाणं बदलतं, कागदपत्रांची भाषाही बदलते.

गुन्हे शहरभर सारखेच पसरलेले असतात, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात पोलिसांना आलेले फोन गुन्हेशास्त्राचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांनुसार मांडले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्मे फोन जेमतेम ३ टक्के पत्त्यांचे निघाले. पुढे त्याच क्षेत्रातले डेव्हिड वाइसबर्ड यांनाही अनेक शहरांत असंच चित्र दिसलं. म्हणून अख्ख्या गल्लीला किंवा एखाद्या समाजाला ‘गुन्हेगार’ ठरवणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय चुकीचंही आहे. पाहायचा असतो तो कोपरा. बंद पडलेला दिवा, झुडपं माजलेला मोकळा प्लॉट, आठनंतर शटर ओढलेली दुकानं.

यातला दिवा आणि प्लॉट पोलिसांच्या नव्हे, महापालिकेच्या अखत्यारीत येतात. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे प्रखर दिवे लावले. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेल्समधल्या कार्डिफचा प्रयोग. जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं, की मारामारीत जखमी होऊन येणाऱ्या बहुतेकांची पोलिसांत नोंदच नसते. मग दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवरच चार प्रश्न विचारायला सुरुवात झाली : कुठे, कधी, कशाने, कोणी. नाव-गाव गाळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. त्यावरून गस्तीची वेळ ठरली, दारूच्या गुत्त्यांबाहेरची व्यवस्था बदलली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, हिंसेमुळे दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण तुलनेतल्या शहरांपेक्षा ४२ टक्के कमी होतं.

युरोपातल्या महापौरांनी १९८७ साली बार्सिलोनात एकत्र येऊन अशा अनुभवांची देवाणघेवाण सुरू केली. फ्रान्समधल्या एपिने-सुर-सेनचे महापौर जिल्बेर बोनमेझाँ त्यात पुढे होते.

बेळगाव, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली-मिरज, हुबळी-धारवाड ही शहरं एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. सीमाप्रश्न न्यायालयात आहे आणि त्यावरची आपली भूमिका प्रत्येकाला ठाऊक आहे. ती जराही न सोडता बंद दिव्यांची यादी आणि दवाखान्यातली ती चार उत्तरं एका टेबलावर ठेवता येतील. अडचण मुदतीची आहे. कर्नाटकात महापौर एका वर्षापुरता, महाराष्ट्रात अडीच वर्षांसाठी. कोपऱ्यांचा नकाशा भरायलाच वर्ष जातं, तेव्हा हे काम महापौरांच्या दालनातून सुरू झालं तरी आयुक्तांच्या कार्यालयात कायमच्या कर्मचाऱ्यांकडेच सोपवावं लागेल.