चीन–तैवान संबंध

चीनचे जनवादी गणराज्य (राजधानी बीजिंग) आणि ‘चीनचे प्रजासत्ताक’ हे जुने अधिकृत नाव अजूनही वागवणारे तैवान (राजधानी तैपेई) यांच्यातील राजकीय व आर्थिक व्यवहार. दोहोंमधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १३० किमी. रुंद आहे. बहुसंख्य तैवानी लोकांचे पूर्वज समोरच्याच फूच्येन प्रांतातून आले. मँडरिन दोन्हीकडे चालते. तैवान हा आपलाच प्रांत आहे, असे बीजिंग सांगते. प्रत्यक्षात जनवादी गणराज्याने या बेटावर एक दिवसही राज्य केलेले नाही.

भांडण यादवी युद्धातले आहे. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने जपानकडे गेलेले बेट १९४५ मध्ये च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारच्या ताब्यात आले. चार वर्षांनी कम्युनिस्टांकडून हरल्यावर ते सरकारच तैपेईला येऊन बसले. स्थानिकांशी त्याचे आधीच बिनसले होते : फेब्रुवारी १९४७ चा उठाव त्याने हजारो माणसे मारून मोडून काढला होता. पुढे १९८७ पर्यंत बेटावर लष्करी कायदा राहिला. तरी संयुक्त राष्ट्रांत साऱ्या चीनची जागा १९७१ पर्यंत तैपेईकडेच होती. १९७९ मध्ये अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली आणि त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करून तैवानला शस्त्रे पुरवण्याची वाटही मोकळी ठेवली.

या संबंधांची सगळी वळणे किनमेनने सोसली. तैवानच्या ताब्यातली ही बेटे चीनच्या मुख्यभूमीवरच्या श्यामेन शहराच्या अगदी तोंडाशी आहेत. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत त्यांच्यावर चीनचे साडेचार लाखांहून अधिक तोफगोळे पडले. मग मारा दिवसाआड होऊ लागला, गोळ्यांतून बरेचदा प्रचारपत्रके येत, आणि हा प्रकार १९७९ च्या १ जानेवारीपर्यंत चालला. गोळ्यांच्या पोलादी कवचाचे तुकडे कापून, तापवून किनमेनचे लोहार स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवतात. मुख्यभूमीचे पर्यटक येत तेव्हा तेही त्या हौसेने घेत. २००१ पासून श्यामेनला बोट जाते, अर्ध्या तासाची. २०१८ मध्ये फूच्येनमधून नळाने पिण्याचे पाणी आले. उद्घाटनाचा सोहळा पुढे ढकला, असे तैपेईने सांगितले होते. किनमेनच्या प्रशासनाने तो उरकलाच.

एकमेकांना मान्यताच नाही, मग बोलायचे कोणी? १९८७ मध्ये तैवानने नागरिकांना मुख्यभूमीवरच्या नातेवाइकांना भेटायला परवानगी दिली. येणेजाणे सुरू झाले, तसे कागदपत्रांचे, वारसाहक्काचे, टपालाचे प्रश्न उभे राहिले. त्यासाठी १९९१ पर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक ‘बिगरसरकारी’ संस्था काढली. सरकारचीच कामे, फक्त शिक्का सरकारचा नाही. हा आडमार्ग टिकला, हे विशेष. १९९२ च्या हाँगकाँगमधील बोलण्यांनंतर १९९३ मध्ये या संस्थांचे प्रमुख सिंगापूरला भेटले. चीन एकच आहे, यावर १९९२ मध्ये एकमत झाल्याचे बीजिंग व क्वोमिंतांग (च्यांग यांचा राष्ट्रवादी पक्ष) सांगतात. तैवानचा लोकशाही प्रगतिशील पक्ष ते मानत नाही. १९९५-९६ मध्ये चीनने तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली. मतदार घाबरतील हा हिशेब चुकला : मार्च १९९६ मधील पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीत बीजिंगला नकोसे झालेले तेव्हाचे अध्यक्ष ली तंग-हुई निम्म्याहून अधिक मते घेऊन निवडून आले.

पैशाने मात्र राजकारणाची वाट पाहिली नाही. तैवानात मजुरी वाढताच बूट, छत्र्या, प्लॅस्टिकचे कारखानदार हाँगकाँगमार्गे मुख्यभूमीवर उतरले. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या फॉक्सकॉन या तैवानी कंपनीने १९८८ मध्ये शेन्झेनला कारखाना काढला. शांघायजवळचे कुनशान तर तैवानी उद्योजकांचेच गाव झाले. थेट विमाने, जहाजे व टपाल डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाले. २०१० च्या आर्थिक सहकार्य करारात चीनने ५३९ तैवानी वस्तूंवरील जकात उतरवायचे मान्य केले. तैवानने २६७ वस्तूंवरील. ही उदारता फुकटची नाही, अशी शंका तैवानात बळावली. २०१४ मध्ये चीनशी झालेला सेवाव्यापार करार घाईने पुढे रेटला जाताच विद्यार्थ्यांनी संसदेचे सभागृह तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात ठेवले. तो करार लागू झालाच नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग आणि तैवानचे तेव्हाचे अध्यक्ष, क्वोमिंतांगचे मा यिंग-च्यू सिंगापूरला भेटले, पण परस्परांना ‘अध्यक्ष’ न म्हणता, आणि जेवणाचे बिल निम्मे-निम्मे भरून.

२०१६ मध्ये लोकशाही प्रगतिशील पक्षाच्या त्साय इंग-वन तैवानच्या अध्यक्षपदी निवडून आल्यावर बीजिंगने अधिकृत संपर्क थांबवला. २०२१ मध्ये तैवानी अननसावर बंदी आली, ऑगस्ट २०२२ मध्ये बेटाभोवती चीनचे मोठे लष्करी सराव झाले, आणि त्याच पक्षाचे लाय चिंग-ते अध्यक्ष झाल्यावर जून २०२४ मध्ये आणखी १३४ वस्तूंवरील जकातसवलत गेली. तैवानी इलेक्ट्रॉनिक चिप्सची आयात मात्र चीनने कधी रोखली नाही. त्यांच्यावाचून त्याच्याच कारखान्यांची चाके थांबतील. तैवानच्या निर्यातीतला चीन व हाँगकाँगचा वाटा २०२० मध्ये सुमारे ४४ टक्के होता, २०२४ मध्ये तो ३२ टक्क्यांच्या आसपास आला. परदेशी जाणाऱ्या तैवानी गुंतवणुकीतला चीनचा हिस्सा तर २०१० मध्ये ८० टक्क्यांवर होता. आता तो पैसा अमेरिका, जपान, आग्नेय आशिया आणि भारताकडे वळतो आहे. तैवानने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत ‘आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ या नावाने कार्यालय उघडले. चीनने त्याबद्दल भारताकडे निषेध नोंदवला.