अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि कमी वजनाचं बाळ

फोन येतो, "मुलगी झाली. अठराशे ग्रॅमची आहे, काचेत ठेवलंय." पलीकडून आधी "आई बरी आहे ना?" आणि लगेच "एवढं कमी वजन कसं काय?" किती आठवडे भरले होते, हे सहसा कोणी विचारत नाही. पण खरा उलगडा त्याच प्रश्नात असतो. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ १,८०० ग्रॅमचं असेल, तर त्याच्या वयाला ते वजन अगदी चारचौघांसारखं आहे. एकोणचाळिसाव्या आठवड्यातलं बाळ तेवढंच भरलं, तर पोटात असतानाच त्याची उपासमार झालेली आहे. काटा दोघांचा एकच आकडा दाखवतो.

व्याख्या सोप्या आहेत. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं, २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलं ते कमी वजनाचं. पहिली गोष्ट कॅलेंडरवर मोजायची, दुसरी काट्यावर. हा घोळ फक्त आपल्या घरांत होतो असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सुरुवातीला अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्या बाळाला वजनावरूनच अपुऱ्या दिवसांचं समजायची. १९६१ साली तिच्या तज्ज्ञ समितीनं हे दोन शब्द वेगळे करायला सांगितले.

किती आठवडे भरले ते सांगणारा कागद हरवला असेल तर बाळाकडे नीट बघावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ, तुकतुकीत, खालच्या शिरा दिसाव्यात अशी असते. पाठीवर, खांद्यावर मऊ लव. तळपाय गुळगुळीत. कानाची पाळी हलकेच दुमडली तर तशीच दुमडलेली राहते, कारण आतली कूर्चा अजून घट्ट झालेली नसते. पूर्ण दिवसांचं पण खुरटलेलं बाळ वेगळंच दिसतं: कातडी कोरडी, सैल, कुठे पापुद्रे निघालेली, मांड्यांवर सुरकुत्या, तळपायावर भरपूर रेघा, कान दुमडून सोडला की टपकन सरळ. चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा, आणि डोळे मात्र टक्क उघडे.

कारणंही वेगळी, पण इथे सीमारेषा तेवढी स्वच्छ नाही. आधीचं बाळंतपण मुदतीआधी झालेलं असणं, जुळं, लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, वेळेआधी पाणी जाणं, यांनी दिवस अपुरे राहतात. वाढ खुंटते ती बहुतेक वेळा वारेतून रक्त कमी पोचल्यानं किंवा आईकडेच द्यायला पुरेसं नसल्यानं: वाढलेला रक्तदाब, रक्त कमी असणं, दोन बाळंतपणांत अंतर नसणं, तंबाखू. मिश्री लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे हे पुष्कळदा पटत नाही. दात घासायची ती एक सवय, एवढंच. रक्तदाब फारच चढला तर दोन्ही एकदम होतं, बाळ लहानही आणि लवकरही.

आपल्याकडे पारडं कुठे झुकतं, ते गडचिरोलीत दिसलं. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावोगावी घरात जन्मलेल्या बाळांची नोंद ठेवली. शंभरात चाळीसहून जास्त बाळं अडीच किलोच्या आत होती, मुदतीआधी जन्मलेली मात्र दहाच्या आसपास. म्हणजे बहुतेक हलकी बाळं दिवस भरूनच आली होती. पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलोच्या जवळ निघालं. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनमध्ये ते साडेतीनच्या आसपास. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळं होती, त्यांची बाळं वजनानं जास्त भरली. ज्यांच्यावर शेताचं आणि घरचं काम जास्त पडलं, त्यांची कमी. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल" हा सल्ला अशा ठिकाणी देणं मला तरी क्रूर वाटतं.

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे वाक्यही याच गोंधळातलं असावं. अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं बाळ जेमतेम किलोभर असतं. यंत्रं नसताना ते सहसा जगत नसे. "सातव्यातलं" म्हणून सांगितलेलं धट्टंकट्टं मूल बहुधा मोजणीत चुकलेलं असणार. आत मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्या महिन्यातलासुद्धा.

मात्र आत राहणंच धोक्याचं होतं ते खुंटलेल्या बाळाला. म्हणून तर दोन्हींची गल्लत महाग पडते. ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर डॉक्टर त्या थोपवून एखाददोन दिवस मिळवायला बघतात, तेवढ्यात आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुफ्फुसं तयार करतात. वाढ थांबलेल्या बाळाबाबत कधीकधी उलट करावं लागतं: वारेतून रक्त पुरेनासं झालं की ते लवकर बाहेर काढणंच बरं, नाहीतर पोटातच दगावू शकतं. बाहेर आल्यावर पहिल्याला श्वास आणि दूध ओढून गिळणं जमत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याला बसतो. दुसरं बाळ हावऱ्यासारखं चोखतं, पण त्याची साखर पटकन उतरते. गारठा दोघांनाही सोसत नाही, म्हणून आईच्या उघड्या छातीशी धरणं दोघांनाही लागू.

हे सगळं कळायला पाळीची तारीख लागते. "नागपंचमीच्या आसपास" म्हटलं की दोन आठवडे इकडेतिकडे होतातच. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारीख नीट बांधून देते. तो कागद शेवटच्या सोनोग्राफीपेक्षा जपून ठेवण्यासारखा. 'नऊ महिने नऊ दिवस' ही आपली जुनी मोजणी वाईट नाही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरली तर. डॉक्टर नऊ महिने सात दिवस धरतात.

घरी गेल्यावरही फरक संपत नाही. दोन महिने आधी आलेल्या बाळाची लस जन्मतारखेनं द्यायची. बसणं, रांगणं मात्र ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. शेजारचं मूल सहाव्या महिन्यात जे करतं, ते याचं आठव्यात आलं तर घाबरू नये. दिवस भरून आलेल्या हडकुळ्या बाळाला ही सूट नाही.