कॉलेज बेसबॉलमधून मेजर लीगच्या मॅनेजरपदी

अमेरिकेत विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक पुढे मेजर लीग म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगमधल्या संघाचा मॅनेजर होणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये विद्यापीठातून व्यावसायिक संघाकडे जाण्याची वाट जुनी आणि रुळलेली आहे, बास्केटबॉलमध्येही तशी उदाहरणे आहेत. बेसबॉलने मात्र हे दार जवळजवळ शतकभर लावूनच ठेवले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी व्हिटेलो यांना मॅनेजर नेमले, तेव्हा या विषयाची चर्चा नव्याने सुरू झाली. व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून एक दिवसही न काढता थेट विद्यापीठातून या पदावर आलेले ते पहिलेच.

बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे क्रिकेटमधला प्रशिक्षक नव्हे. गोलंदाज कधी बदलायचा, क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे हे क्रिकेटमध्ये मैदानावरचा कर्णधार ठरवतो. बेसबॉलमध्ये हे निर्णय डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांवर, बसलेल्या मॅनेजरचे असतात. बॅटिंगचा क्रम, थकलेल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) बाहेर काढण्याची वेळ आणि बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांमधून, कोणाला बोलवायचे हे सगळे तोच पाहतो. हंगामात १६२ सामने असतात आणि सहा महिने जवळपास रोज खेळायचे असते. विद्यापीठाच्या नियमित हंगामात ५६ सामने होतात. त्यांतली मुख्य लढत शुक्रवार ते रविवार अशी तीन सामन्यांची असल्याने सर्वांत चांगला पिचर आठवड्यातून एकदाच उतरवला तरी भागते. व्यावसायिक संघात आज वापरलेला बुलपेन उद्या आणि परवाही पुरवावा लागतो. विद्यापीठात बॅटही धातूची चालते, मेजर लीगमध्ये फक्त लाकडाची.

तरीही हे फरक शिकता येण्याजोगे आहेत. खरी अडचण अधिकाराची आहे. विद्यापीठाचा प्रशिक्षक खेळाडू स्वतः निवडतो, शाळकरी वयापासून त्यांच्या घरी जाऊन त्यांना आपल्याकडे वळवतो आणि कोण खेळणार, कोण बसणार हेही एकटा ठरवतो. मेजर लीगमध्ये २६ जणांचा संघ मॅनेजरच्या हाती आयता दिला जातो. त्यांतल्या कित्येकांचा करार त्याच्या स्वतःच्या करारापेक्षा मोठा आणि लांब मुदतीचा असतो. अशा खेळाडूंवर हुकूम चालत नाही, त्यांचा विश्वास मिळवावा लागतो. तो विश्वास बसमधून गावोगाव हिंडत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीच्या व्यावसायिक संघांत, घाम गाळलेल्या माणसालाच मिळतो, असा या व्यवसायाचा जुना समज होता. म्हणून आधी खेळाडू, मग मायनर लीगचा मॅनेजर, मग मेजर लीगमध्ये सहायक आणि शेवटी मॅनेजर, अशी शिडी ठरून गेली.

या शिडीच्या बाहेरून आलेल्यांमध्ये सर्वांत आधीचे ठळक नाव ब्रँच रिकी यांचे. मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक असलेले रिकी १९१३मध्ये सेंट लुइस ब्राउन्सकडे गेले आणि त्याच हंगामाच्या अखेरीस मॅनेजर झाले. मात्र त्याआधी ते स्वतः मेजर लीगमध्ये खेळलेले होते. मिशिगनमधला त्यांचा शिष्य जॉर्ज सिस्लर पुढे ब्राउन्सचा सर्वांत मोठा फलंदाज ठरला.

बॉबी विंकल्स यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. ते मायनर लीगमध्ये खेळले, पण वरच्या पायरीवर कधी पोचले नाहीत. १९५९पासून १९७१पर्यंत त्यांनी अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा संघ उभा केला आणि १९६५, १९६७ व १९६९ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. रेजी जॅक्सन, सॅल बँडो आणि १९६५च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीग संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) सर्वांत आधी निवडला गेलेला रिक मंडे हे त्यांचेच विद्यार्थी. १९७२मध्ये ते कॅलिफोर्निया एंजल्समध्ये सहायक झाले आणि १९७३मध्ये मॅनेजर. पहिल्या वर्षी ७९ विजय आणि ८३ पराभव पदरी पडले. पुढच्या हंगामाच्या मध्यावर त्यांना काढण्यात आले. त्या संघात फ्रँक रॉबिन्सन होता, कीर्तीच्या शिखरावर पोचलेला आणि स्वतः मॅनेजर होण्याच्या तयारीतला. दोघांचे पटले नाही. विद्यापीठातला दरारा इथे कामाचा नव्हता. पुढे १९७७मध्ये ओकलंडने विंकल्स यांना बोलावले. १९७८च्या हंगामात संघ २४ विजय आणि १५ पराभवांसह आघाडीवर असताना त्यांनी स्वतःहून पद सोडले. मालक चार्ली फिन्ली यांच्या सततच्या ढवळाढवळीला ते कंटाळले होते. विंकल्स यांच्या अपुऱ्या यशावरून विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना कायमचे नापास ठरवणे अन्यायाचे होते, पण तसेच झाले.

डिक हाउझर यांचा मार्ग वेगळा. ते मेजर लीगचे खेळाडू होते आणि दहा वर्षे यांकीजचे थर्ड बेस प्रशिक्षकही. १९७९मध्ये त्यांनी आपल्याच फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाची धुरा एका हंगामापुरती सांभाळली आणि १९८०मध्ये थेट न्यूयॉर्क यांकीजचे मॅनेजर झाले. त्या वर्षी संघाने १०३ सामने जिंकले, पण प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडून तिन्ही सामने हरल्यावर त्यांचे पद गेले. रॉयल्सनीच पुढे त्यांना घेतले. १९८५मध्ये उपांत्य मालिका आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका अशा दोन्ही वेळा १–३ ने मागे पडून रॉयल्स विजेते ठरले. १९८७मध्ये मेंदूच्या गाठीने हाउझर यांचे निधन झाले. विद्यापीठीय बेसबॉलमधला एक मोठा वार्षिक पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

पॅट मर्फी यांनी सर्वांत लांबची वाट चालून दाखवली. नोत्र दाम आणि नंतर विंकल्स यांच्याच अॅरिझोना स्टेटमध्ये मिळून वीसहून अधिक वर्षे मुख्य प्रशिक्षक राहिल्यानंतर ते सॅन दिएगो पाद्रेसच्या मायनर लीग संघांकडे गेले, म्हणजे शिडीच्या तळाशी. २०१५मध्ये पाद्रेसचे तात्पुरते मॅनेजरपद त्यांना मिळाले, पण टिकले नाही. मग मिलवॉकी ब्रुअर्समध्ये क्रेग काउन्सेल यांचे सहायक म्हणून त्यांनी आठ हंगाम काढले. काउन्सेल हे नोत्र दाममधले मर्फींचेच विद्यार्थी. शिष्य मॅनेजर आणि गुरू त्याच्या हाताखाली, हे दोघांनीही सहजपणे निभावले, ही या सगळ्या इतिहासातली फार सुंदर गोष्ट आहे. काउन्सेल शिकागो कब्जकडे गेल्यावर पासष्टीतले मर्फी २०२४च्या हंगामासाठी मॅनेजर झाले आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचे) सर्वोत्तम मॅनेजर ठरले.

दरम्यान विद्यापीठांचा खेळही पार बदलला होता. २०१९पर्यंत ४० फेऱ्यांचा असलेला ड्राफ्ट २०२१पासून २० फेऱ्यांवर आला. मेजर लीगशी जोडलेले मायनर संघ त्याच वर्षी १२० उरले. खेळाडू घडवण्याचे बरेचसे काम त्यामुळे विद्यापीठांकडे सरकले. चेंडूची फिरकी आणि वेग मोजणारी यंत्रे, व्हिडिओ विश्लेषण, आकड्यांवर बेतलेला सराव यांत काही विद्यापीठे व्यावसायिक संघांच्या बरोबरीला आली. पैसाही आला. व्हिटेलो यांचा टेनेसीतला वार्षिक पगार सुमारे ३० लाख डॉलर होता.

सेंट लुइसचे व्हिटेलो मिझुरी विद्यापीठात खेळले आणि तिथेच सहायक झाले. नंतर टेक्सास ख्रिश्चन आणि आर्कन्सा विद्यापीठांत काम करून ते २०१७मध्ये टेनेसीला आले. २००५नंतर राष्ट्रीय स्पर्धेचे तोंड न पाहिलेल्या या संघाला त्यांनी २०२४मध्ये ओमाहा शहरातल्या अंतिम टप्प्यात राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्या हंगामात संघाने ६० सामने जिंकले, फक्त १३ हरले. स्वभावाने ते धगधगते. २०२२मध्ये पंचाला छातीने ढकलल्याबद्दल त्यांच्यावर चार सामन्यांची बंदी आली होती. जायंट्सचे बेसबॉल प्रमुख बस्टर पोझी यांनी ८१ विजय, ८१ पराभव अशा बरोबरीत अडकलेल्या संघासाठी ही धग जाणूनबुजून निवडली, असे मानायला जागा आहे.

मॅनेजरपदाच्या खालच्या जागांवर मात्र ही ये-जा आधीच सुरू झाली होती. आर्कन्साचे पिचिंग प्रशिक्षक वेस जॉन्सन २०१८च्या अखेरीस थेट मिनेसोटा ट्विन्सचे पिचिंग प्रशिक्षक झाले, तर २०२०मध्ये मिशिगनचे क्रिस फेटर डेट्रॉइट टायगर्सकडे गेले. ही वाट आता एकाच दिशेची राहिलेली नाही. जॉन्सन यांनी २०२२च्या हंगामाच्या मध्यावरच ट्विन्स सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठ गाठले. पुढच्याच वर्षी तिथे पॉल स्कीन्सच्या पिचिंगच्या बळावर विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि जॉन्सन जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. टेनेसीने व्हिटेलो यांच्या जागी बाहेरचे कोणी आणले नाही. त्यांचेच सहायक जॉश इलँडर यांच्याकडे संघ सोपवला.