ऑनलाइन खरेदीनंतर कार्डावरून पैसे गेले: बँकेकडचा दावा कुठे अडकतो

आधी तक्रार, शोध मग. माहिती कुठून फुटली याचा छडा लावत बसलात तर मुदत हातची जाते. कार्ड बंद करा, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकरणात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. त्यापुढे बँकेचं धोरण. दिवस मोजायचे ते बँकेचा मेसेज आल्यापासून, तो दिवस सोडून. कोकणात घोळ होतो तो इथेच. खातं गावच्या शाखेत, कार्ड आईचं आणि नोंदवलेला नंबर मुंबईच्या मुलाचा. मेसेज त्याच्याकडे पडून राहतो आणि आईला कळतं पासबुक छापल्यावर. शिवाय घरचा गणपती पाच दिवसांचा असला म्हणून बँकेची सुट्टी पाच दिवसांची होत नाही.

आता माहिती कशी गेली ते. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानांना पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक कोड, ठेवावं लागतं. म्हणून संशय धरायचा तो जिथे नंबर हाताने टाकला त्या जागेवर: सवलतीची अनोळखी साइट, किंवा ‘पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करायला ५ रुपये भरा’ अशी लिंक. खऱ्या दुकानाच्या पेमेंट पानातही चोरांचा कोड घुसवलेला असू शकतो. तो तुम्हाला दिसणार नाही. ओटीपी न येता डॉलरमध्ये पैसे कापले गेले असतील तर व्यवहार बहुधा परदेशी साइटवरचा, तिथे कार्डाचा नंबर, त्यावरची मुदतीची तारीख आणि सीव्हीव्हीवर काम भागू शकतं. ओटीपी आला, तुम्ही कुठेच टाकला नाही, तरी पैसे गेले? मग मेसेज वाचणारं एखादं एपीके (प्ले स्टोअरबाहेरून फाइलने टाकलेलं अ‍ॅप) फोनमध्ये आहे का बघा. मोठ्या रकमेआधी एक-दोन रुपयांचा चाचणी व्यवहार असेल तर तोही दाव्यात लिहा.

बँकेच्या दाव्याच्या फॉर्मवर सर्वांत महाग पडते ती चुकीची खूण. ‘माल मिळाला नाही’ यावर खूण केली की व्यवहार तुम्हीच केल्याचं मान्य होतं! ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हाच रकाना भरा. मात्र ओटीपी सांगितला असेल तर लपवू नका. कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण त्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या माथी. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणंही बँकेचंच काम आहे. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही.

सोबत स्टेटमेंट, मेसेजचे आणि साइटच्या पत्त्याचे स्क्रीनशॉट, ओळखपत्र आणि सरकारी सायबर गुन्हे पोर्टलवर केलेल्या तक्रारीची पोच जोडा. एफआयआर आणा म्हणून परत पाठवलं तरी अर्ज देऊन पोच घ्याच; मुदत बँकेला कळवण्याची आहे, एफआयआरची नाही. पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, हद्दीबाहेरची तक्रारही घ्यावी लागते.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी, निकाल ९० दिवसांत. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शाखेत तोंडी सांगितलेलं तिथे धरत नाहीत.