लिपिड राफ्ट आणि कॅव्हिओली: एकाच पट्ट्यात तरंगणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

पेशी बर्फावर ठेवून १ टक्का ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये फोडायच्या. ते द्रावण ४० टक्के सुक्रोजमध्ये मिसळून नळीच्या तळाशी घ्यायचं, वर ३० आणि ५ टक्क्यांचे थर चढवायचे आणि रात्रभर अल्ट्रासेंट्रिफ्यूज चालवायचा. सकाळी ५ आणि ३० टक्क्यांच्या सीमेवर एक दुधी पट्टा तरंगताना दिसतो. त्याला ‘लिपिड राफ्ट’, म्हणजे पेशीपटलातले शिस्तीत आलेल्या लिपिडांचे (मेदरेणूंचे) तुकडे, म्हणून बरेच जण मोकळे होतात. प्रथिनं ओळखणाऱ्या ब्लॉटवर कॅव्हिओलिन-१ हे प्रथिन उमटलं, तर तोच पट्टा ‘कॅव्हिओली’, म्हणजे पेशीपटलातले खळगे, होतो. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

कॅव्हिओलीचं प्रकरण त्यातल्या त्यात सरळ आहे, कारण त्या दिसतात. १९५० च्या दशकात पलाडे आणि यामादा यांनी त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या: पेशीपटलात आत वळलेले, सुमारे ६० ते ८० नॅनोमीटरचे, निमुळत्या गळ्याचे खळगे. त्यांना सांगाडा असतो. कॅव्हिओलिन पटलात आतल्या बाजूने रुतलेलं असतं आणि त्यावर पेशीद्रवाकडून कॅव्हिन प्रथिनांचं अस्तर बसतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आणि मेदपेशींत त्यांची दाटी असते. तांबड्या रक्तपेशींत त्या नसतात.

राफ्टला असा सांगाडा नाही, ठरलेला आकारही नाही. स्फिंगोलिपिड या प्रकारच्या लिपिडांच्या लांब, संपृक्त शेपट्या आणि कोलेस्टेरॉल एकमेकांशी घट्ट बसतात. तेवढ्यापुरता पटलाचा तुकडा आजूबाजूपेक्षा शिस्तीत येतो आणि पुन्हा विस्कटतो. १९९७ मध्ये सायमन्स आणि इकोनेन यांनी ही कल्पना ठळकपणे मांडली. २००६ मध्ये एका बैठकीत संशोधकांनी व्याख्या ठरवली, तेव्हा आकार १० ते २०० नॅनोमीटर धरला आणि ‘अत्यंत अस्थिर’ हा गुणधर्म व्याख्येतच घातला. साध्या प्रकाश-मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरखालचं वेगळं दिसत नाही, म्हणूनच राफ्ट खरंच आहेत का यावर इतकी वर्षं वाद झाले.

मग दोन्ही एकाच पट्ट्यात का? कॅव्हिओलीचं पटलही कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडांनी समृद्ध असतं. थंड ट्रायटन विस्कळीत पटल विरघळवतो, शिस्तीतलं सोडतो. उरलेल्यात प्रथिनांच्या मानाने लिपिड जास्त, म्हणजे घनता कमी, म्हणून ते वर येतं. ट्रायटनला खळगा आणि सपाट तुकडा यांतला फरक कळत नाही. लिम्फोसाइटमध्ये सहसा कॅव्हिओली सापडत नाहीत, तरी त्यांच्यातूनही हा पट्टा निघतो. पट्टा म्हणजे कॅव्हिओली नव्हे, याला आणखी पुरावा लागू नये.

पण पट्टा म्हणजे राफ्टही नव्हे, आणि हे जास्त विसरलं जातं. ४ अंश सेल्सिअसला पटल आपोआपच अधिक शिस्तीत येतं. लिपिडांच्या कृत्रिम मिश्रणात तर ट्रायटन स्वतःच असे विभाग घडवू शकतो, हेही दाखवलं गेलं आहे. डिटर्जंट बदलला की पट्ट्यातली प्रथिनंही बदलतात. तेव्हा हाती आलेल्या मालाला ‘डिटर्जंटला न विरघळणारं पटल’ एवढंच म्हणणं प्रामाणिक. सोडियम कार्बोनेटची, पीएच ११ ची पद्धत डिटर्जंट टाळते खरी, पण हलकं असलेलं काहीही तिच्यात वर येऊ शकतं, आणि पटलाला बाहेरून चिकटलेली प्रथिनं त्या अल्कलीत सुटून जातात.

दोन्ही खरोखर वेगळं करायचं, तर कॅव्हिओलीचा आकार वापरावा लागतो. १९९५ मध्ये श्निट्झर यांच्या गटाने उंदराच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांतून धनभारित सिलिकाचे कण सोडले. कणांनी पटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर थर धरला, आणि पेशीच्या आत लोंबणाऱ्या कॅव्हिओली घर्षणाने तोडून वेगळ्या काढता आल्या. जीपीआय या लिपिडयुक्त साखळीने पटलाला अडकलेली प्रथिनं, म्हणजे ज्यांना राफ्टची खूण मानतात ती, बहुतांशी सिलिकाच्या थरासोबत मागे राहिली.

हे जमण्यासारखं नसेल, तर निदान नियंत्रणं नीट हवीत. विस्कळीत पटलातला ट्रान्सफेरिन रिसेप्टर (एक प्रथिन) तळाशी राहिला पाहिजे. तो वर आला, तर पटल पुरतं विरघळलेलंच नाही. मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने कोलेस्टेरॉल काढून ‘अभ्यासातला परिणाम थांबला, म्हणजे तो राफ्टमुळेच होता’ हा युक्तिवाद मला फारच लंगडा वाटतो, कारण कोलेस्टेरॉल गेल्यावर कॅव्हिओलीही कोलमडतात आणि क्लॅथ्रिन या दुसऱ्याच प्रथिनामार्गे पेशीत होणारं शोषणही मंदावतं. त्यापेक्षा कॅव्हिन-१ किंवा कॅव्हिओलिन-१ काढून पाहावं: कॅव्हिओली गेल्या तरी परिणाम टिकला, तर त्याचं श्रेय त्यांना देता येत नाही.

आणि ब्लॉटवरच्या कॅव्हिओलिनवर विसंबण्याआधी पीसी-३ या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी आठवाव्यात. त्यांच्यात कॅव्हिओलिन-१ भरपूर, पण कॅव्हिन-१ नाही, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कॅव्हिओलीही दिसत नाहीत. बाहेरून कॅव्हिन-१ दिलं, की खळगे तयार होतात.