पदक घरी पोहोचायला सत्तर वर्षे का लागतात?

सैनिकाला जाऊन वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात. एखाद्या लहानशा सभागृहात गणवेशातला अधिकारी त्याच्या मुलीच्या हातात काचेची चौकट देतो. मुलगी स्वतः सत्तरी ओलांडलेली. आत मखमलीवर ओळीने लावलेली पदके, अगदी कोरी, कारण ती कुणाच्या छातीवर कधी चढलीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांबद्दल अशी बातमी अमेरिकेतून वरचेवर येते आणि वाचणारा विचारतो, इतकी वर्षे सरकार झोपले होते का?

काही अंशी होतेच. पण बऱ्याचदा पदक अडवून कुणी ठेवलेले नव्हते, ते मागायला कुणी गेलेच नव्हते.

युद्धकाळात पितळ तोफगोळ्यांना आणि काडतुसांना लागत होते. त्यामुळे अमेरिकेने मोहिमांची पदके लगेच पाडलीच नाहीत. सैनिकाला गणवेशावर लावायला नुसती रंगीत फीत मिळाली, धातूचे पदक मागाहून. ते तयार होईपर्यंत माणूस घरी परतून नोकरीला लागला होता. पुन्हा लष्कराला पत्र लिहून पदक मागवण्याची हौस किती जणांना असणार?

त्यात नियमही मागाहून बदलले. पायदळात प्रत्यक्ष लढलेल्यांना ‘काँबॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ मिळत असे. महायुद्धात हा बॅज मिळवलेल्यांना ‘ब्राँझ स्टार’ हे पदकही द्यायचे, असे 1947 मध्ये ठरले. पण ते आपोआप घरी येणार नव्हते, अर्ज करायचा होता. ज्याला हे कळलेच नाही तो अर्ज कसला करणार? वडिलांच्या निधनानंतर ट्रंक उपसताना मुलांच्या हाती सेवामुक्तीचा कागद लागतो, त्यात या बॅजची नोंद दिसते आणि तिथून पत्रव्यवहार सुरू होतो. अशा उशिराच्या समारंभांत ‘ब्राँझ स्टार’ वारंवार दिसतो तो यामुळे.

ब्रिटनमध्येही तीच तऱ्हा. पहिल्या महायुद्धानंतर साध्या शिपायांची पदके न मागता घरी आली होती, कडेवर नाव आणि क्रमांक कोरून. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र सैन्यातून बाहेर पडलेल्यांना अर्ज करावा लागला. टपालाने पुठ्ठ्याची छोटी डबी यायची, सोबत एक छापील चिठ्ठी, आणि ब्रिटनने दिलेल्या त्या पदकांवर नाव नाही. माझ्या मते ही बिननावाची पदके जरा कोरडीच वाटतात. काही पदके तर उशिरानेच जन्मली. 1941 ते 1945 या काळात रशियाकडे रसद घेऊन बर्फाळ समुद्रातून गेलेल्या ताफ्यांसाठी वेगळा ‘आर्क्टिक स्टार’ मिळायला 2013 साल उजाडले. ताफ्यातले बहुतेक लोक तोवर हयात नव्हते, म्हणून अर्जाचा हक्क वारसांनाही दिला गेला.

अर्ज केला तरी जुळणी करायला दप्तर हवे. 12 जुलै 1973 रोजी अमेरिकेत सेंट लुईस इथल्या लष्करी नोंदींच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आग लागली. ती विझायला चार दिवसांहून जास्त लागले, आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. 1912 ते 1960 या काळात भूदलातून सुटलेल्या सैनिकांच्या सुमारे 80 टक्के नोंदी त्यात होत्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. जे वाचले ते आगीच्या बंबांच्या पाण्याने भिजलेले. बुरशी धरू नये म्हणून ते कागद निर्वात कक्षात वाळवावे लागले. अशा फायलींच्या कडा आजही काळ्या आहेत, मधला मजकूर तेवढा वाचता येतो. फाईलच गेली असेल, तर शेवटच्या पगाराच्या पावतीसारख्या दुसरीकडे राहिलेल्या कागदांवरून सेवा जोडत बसायचे. घरच्या ट्रंकेतला तो एक कागद म्हणूनच इतका मोलाचा.

शौर्यपदकांची गोष्ट वेगळी. तिथे कुणीतरी वरिष्ठाने शिफारस लिहावी लागते, साक्षी लागतात आणि मुदत असते. मुदत उलटली की अमेरिकेत ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च शौर्यपदकासाठी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, सूट घ्यावी लागते. आणि शिफारस लिहिणारा हात कुणासाठी उचलला जात होता, हे त्वचेच्या रंगावरही ठरत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही कृष्णवर्णीयाला तेव्हा हे पदक मिळाले नाही. फेरतपासणी होऊन 1997 मध्ये सात जणांना ते दिले गेले, तेव्हा एकटे व्हर्नन बेकर हयात होते.

पहिल्या महायुद्धात लढलेले कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक हेन्री जॉन्सन यांना तर याहून जास्त थांबावे लागले. मे 1918 मध्ये फ्रान्समधल्या आर्गॉनच्या जंगलात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्यांनी जर्मन टोळी अडवली. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने आणि शेवटी सुऱ्याने ते लढले. अंगावर 21 जखमा. फ्रान्सने लगेच ‘क्रुआ द गेर’ हे आपले शौर्यपदक दिले. त्यांच्या स्वतःच्या देशाने दिलेल्या सेवामुक्तीच्या कागदात मात्र जखमांचा उल्लेखच नव्हता. 1929 मध्ये ते वारले. लढाईत जखमी झालेल्यांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ 1996 मध्ये मिळाले, ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ 2002 मध्ये आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ 2015 मध्ये. त्या दिवशी पदक घ्यायला रक्ताच्या नात्याचे कुणीच नव्हते. वारस म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्यांचे नाते कागदांच्या छाननीत टिकले नव्हते. न्यूयॉर्क नॅशनल गार्डचा एक सार्जंट मेजर पुढे झाला आणि त्याने ते स्वीकारले.